नर्सरीला दोन वाली

त्या वर्षी मी आणि माझा नवरा रोज एकाच मोटरसायकलवर बुऱ्हाणपुराहून दापोऱ्याला जायचो, पण गावात एकत्र शिरायचो नाही. गावाच्या अलीकडे एक छोटा पूल लागतो, तिथे ते गाडी थांबवायचे. मी उतरून ओढणी सारखी करायचे आणि पायी पुढे निघायचे. मी पहिल्या घरांपर्यंत पोचेपर्यंत ते पुलावरच उभे राहून फोन बघायचे, मग गाडी सुरू करून माझ्या शेजारून अनोळखी माणसासारखे निघून जायचे.

कारण असं की ते सरकारी खात्यात होते, फळबागांचं काम बघायचे, आणि मी एका खासगी कंपनीच्या फाउंडेशनमध्ये. गावातल्या तरुण मुलामुलींना शेतीत टिकवायचं, हा दोघांकडचाही कार्यक्रम, आणि गावही एकच. माझे साहेब इंदूरला बसायचे. त्यांनी बजावलं होतं, "आपलं काम वेगळं दिसलं पाहिजे, सरकारी कामात मिसळू देऊ नका." ह्यांच्या वरिष्ठांनी ह्यांना तेच दुसऱ्या बाजूने सांगितलं होतं, की कंपनीवाल्यांच्या मांडवात आपण जायचं नाही.

गावाला अर्थात सगळं ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीने मला विचारलं, "भांडण झालं का व माय? रोज पुलावरच उतरून देतो तुले."

मी हसले, पण आतून मला ते नाटक खुपायचं. एकूणच ते वर्ष मला कुठे टेकू देत नव्हतं. दापोऱ्यात असले की इंदूरला रिपोर्ट गेला का याची धास्ती, आणि घरी आले की गावात कोणाला काय कबूल केलंय ते आठवत बसायचं.

शेती मला मुळात नवीनच होती. मी बुऱ्हाणपुरातच, सिंधीपुऱ्यात वाढले. वडील कापडाच्या धंद्यात. पॉवरलूमवरून निघालेलं कोरं कापड घ्यायचं आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना द्यायचं. केळी आमच्याकडे फक्त खायला यायची. मी कॉमर्स शिकले, दोन शाळांमध्ये शिकवलं, तिथे मन रमलं नाही म्हणून फाउंडेशनची जाहिरात बघून अर्ज केला. ह्यांचं तसं नव्हतं. हे इच्छापुराकडच्या शेतकरी घरातले, शिक्षण शेतीचं, नोकरी शेतीची. केळीच्या बागेत उभे राहिले की त्यांचा आवाजच वेगळा व्हायचा.

दोन्ही कार्यक्रमांची चाल मात्र फार निराळी होती. ह्यांच्याकडे पंचायत भवनात प्रशिक्षण व्हायचं, चहा-बिस्किटं, शेवटी प्रमाणपत्र. त्यानंतर ज्याला काही उभं करायचं असेल त्याला अनुदान मिळायचं, पण त्यासाठी पोर्टलवर अर्ज, मग जागेची पाहणी, मग वाट. विचारलं की ह्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "प्रकरण पुढे गेलंय." माझ्याकडे सगळं झटपट. बोलले की पुढच्या आठवड्यात शिकवणारा माणूस हजर, टी-शर्ट हजर, रोपं हजर. फक्त फोटो पाहिजेत, दर तिमाहीला, आणि खत-औषध वापरायचं ते कंपनीचंच.

माझ्या गटात एक मुलगी होती. बी.एस्सी. करून घरी बसलेली, वडिलांची केळीची बाग, मोठा भाऊ सुरतेला कामाला. ती कमी बोलायची आणि टी-शर्ट घालायची नाही. एका दुपारी सगळे गेल्यावर ती मागे थांबली.

"ताई, मला नर्सरी करायचीय. लॅबमधली केळीची रोपं बोटाएवढी असतात, ती काही आठवडे सावलीत ठेवून कणखर करावी लागतात, मगच वावरात लावता येतात. आमच्याकडचे सगळे लोक ती तयार रोपं जळगावकडून आणतात. इथेच कोणी तयार केली तर घेतील ना?"

"घेतील की."

"रोपं तुमच्याकडून मिळतील. सावलीची जाळी सरांकडून मिळेल, त्यांच्या स्कीममध्ये शेडनेट आहे. दोन्ही घेतलं तर चालेल ना?"

सर म्हणजे माझा नवरा. "कागदावर नाही चालणार," मी म्हटलं.

"कागदावर नका चालवू. वावरात चालेल का तेवढं सांगा."

त्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. ह्यांनी घास तसाच हातात धरला.

"म्हणजे जाळी आम्ही द्यायची आणि नाव तुमच्या कंपनीचं व्हायचं."

"आणि तुमची जाळी येईपर्यंत तिने काय करायचं? ती पोरगी म्हातारी होईल."

"येते ना. उशीर होतो, पण येते. आणि आली की कोणी परत मागत नाही. तुमची माणसं उद्या उठून गेली तर?"

"कुठे जातील?"

"अगं, कंपनी आहे ती. आज दापोरा, उद्या दुसरं काही."

मला राग आला, कारण ते खोटं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. पण त्यांनाही त्यांचं पोर्टल छातीठोकपणे चांगलं म्हणता येत नव्हतं. आम्ही दोघं ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर मला उतरवताना ते म्हणाले, "तिला सांग, जमिनीचे कागद घेऊन ऑफिसात ये म्हणावं. मी बघतो."

त्यांनी बघितलं. प्रकरण भोपाळला गेलं, परत आलं, कुठल्या तरी सहीसाठी पुन्हा गेलं. मी तोपर्यंत तिला जळगावकडच्या एका नर्सरीत नेऊन आणलं, पाणी किती, ऊन किती, सगळं शिकवायला माणूस लावला. हिवाळ्यात एकदाची जाळी मंजूर झाली. लोखंडी पाइप उभे राहिले, हिरवी जाळी ताणली गेली आणि उन्हाळ्यात आमच्याकडची रोपं आत आली. तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी मातीच्या पिशव्या भरल्या. फाटकाच्या एका बाजूला सरकारी पाटी लागली, दुसऱ्या बाजूला कंपनीची. इंदूरचे साहेब आले तेव्हा त्यांनी फोटो अशा कोनातून घ्यायला लावला की सरकारी पाटी दिसू नये. ह्यांचे वरिष्ठ आले तेव्हा फोटोत आमची पाटी दिसली नाही. मुलगी दोन्ही फोटोंत मधोमध उभी होती, हातात रोप घेऊन. तिचे वडील फाटकाशी उभे राहून हसत होते. मला म्हणाले, "दोन वाली भेटले बघा आमच्या नर्सरीले. आता काय भेव नाही."

उन्हाळा उतरत आला. रोपं हातभर झाली, पानं रुंद झाली. पाऊस लागला की लागवड सुरू होणार होती आणि गावातल्या बऱ्याच जणांनी तिला सांगून ठेवलं होतं. मी त्या दिवसांत सारखी आभाळाकडे बघायचे. आमच्याकडे पावसाच्या आधी आंधी येते, आणि केळीवाल्यांना पावसापेक्षा तिचीच भीती जास्त. उभी बाग घटकेत आडवी होते.

ती आली तेव्हा मी बुऱ्हाणपुरात घरी होते. दुपारीच अंधारून आलं, धुळीने समोरचं घर दिसेना. कुणाच्या तरी छपराचा पत्रा रस्त्यावरून खडखडत गेला. मी खिडकी धरून उभी राहिले आणि फोन लावत राहिले. ह्यांना लागेना, तिलाही लागेना. वारा पडला, थोडा शिडकावा झाला आणि सगळं असं गप्प झालं की त्या शांततेनेच मला जास्त भीती वाटली. मी पाणी भरलं, तेच पाणी ओतून पुन्हा भरलं. हे दुसऱ्या गावातून धुळीने माखून आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"ताई, जाळी गेली."

"रोपं?"

"रोपं आहेत. जाळी गेली. पाइप वाकले. आमची बाग पण झोपली सगळी."

मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला आणि लगेच ह्यांचा फोन वाजला. त्यांनाही तिने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. मला कळलं की ती दोन माणसांना फोन करतच नव्हती, दोन ऑफिसांना करत होती. दोन्ही ऑफिसं एकाच स्वयंपाकघरात उभी होती, एवढंच.

सकाळी निघालो तेव्हा पुलावर गाडी थांबली नाही. मीही थांबवा म्हटलं नाही.

दापोऱ्याच्या दोन्ही अंगांना बागा झोपलेल्या होत्या, घडांसकट. नर्सरीची जाळी अर्धी फाटून शेजारच्या वावरात केळींच्या खोडांना गुंडाळली गेली होती, अर्धी पाइपांना चिंध्यांसारखी लोंबत होती. खाली रोपं मात्र जवळजवळ सगळी उभी. पण आभाळ स्वच्छ झालं होतं आणि ऊन वर चढत होतं. सावलीत वाढलेलं रोप ते, उघड्या उन्हात दुपारपर्यंत पान भाजून निघतं.

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाईट झालं मॅडम. पण यंदाचं बजेट क्लोज झालंय. आणि तसं बघितलं तर स्ट्रक्चर आपलं नाही ना. सरकारचं आहे. त्यांनी बघायला पाहिजे."

"साहेब, रोपं आपली आहेत."

"रोपं ठीक आहेत असं तुम्हीच म्हणालात ना?"

हे थोडं दूर उभे राहून त्यांच्या वरिष्ठांशी हिंदीत बोलत होते. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला. "पंचनामा होईल," ते म्हणाले, "पण बागांचा. शेडनेट एकदा देऊन झाली, पुन्हा द्यायची तर नवीन प्रकरण. आणि रोपं... रोपं खात्याची नाहीत म्हणतात."

मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे.

"म्हणजे जाळी सरांची, म्हणून ताई काही करू शकत नाहीत. रोपं ताईंची, म्हणून सर काही करू शकत नाहीत. असंच ना?"

ती चिडून बोलली नव्हती. खात्री करून घेत होती. आयुष्यात इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं. तिच्या मैत्रिणी घरून साड्या आणि चादरी घेऊन आल्या होत्या आणि फाटकाजवळच्या रांगेवर टाकत होत्या. त्या साड्या बघताना मला वडिलांचं गोदाम आठवलं.

"बाबा, डागी कापड पडलंय का?" मी फोनवर विचारलं.

"पडलंय ना. कितीक पाहिजे?"

"असेल तेवढं. आत्ता. टेम्पोत घालून दापोऱ्याला पाठवा."

"शेतात कापड?" ते म्हणाले, पण पुढे काही विचारलं नाही. मागून त्यांनी हमालाला हाक मारलेली मला ऐकू आली.

टेम्पो येईपर्यंत आम्ही बांबू गोळा केले. मुलीचे वडील आपली पडलेली बाग सोडून आले. मी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही तुमचं बघा." तर म्हणाले, "माझं काय बघू? ते झोपलं, आता उठत नाही. हे उभं आहे." माझा नवरा ऑफिसचा शर्ट काढून बनियनवर शिडीवर चढला. मी त्यांना घराबाहेर असं कधी बघितलं नव्हतं. टेम्पो आला आणि कापडाचे तागे एकामागून एक उलगडत गेले. कुठे तेलाचे डाग, कुठे धागा सुटलेला. बायका दाभणाने सुतळीचे टाके घालत होत्या. एकमेकींना ओरडून सांगत होत्या, "इकडून वढ, इकडून! झोल पडला!" दुपार माथ्यावर आली तेव्हा बहुतेक नर्सरीवर पांढरं छत झालं होतं. फाटकाजवळच्या रांगा मात्र तोवर गेल्या होत्या, साड्यांना न जुमानता. पानं कडेने तपकिरी होऊन वळली होती.

कापड म्हणजे काही जाळी नव्हे. त्यातून हवा जात नाही, आत उकडतं. हे म्हणाले, रोज संध्याकाळी कापड गुंडाळायचं, सकाळी उन्हाआधी पुन्हा पसरायचं, नाहीतर रोपं सडतील. त्या चौघींनी पाऊस लागेपर्यंत ते केलं. काही रोपं तरीही सडली, पण निम्म्याहून जास्त वाचली आणि गावातच विकली गेली.

तिच्या मैत्रिणीने त्या पांढऱ्या छताचा फोटो स्टेटसला टाकला होता. तो फिरत फिरत इंदूरला पोचला. साहेबांचा फोन आला, आवाजात उत्साह.

"मॅडम, हे तर कमाल आहे! वार्षिक अहवालात घेऊ. फक्त समोर आपला बॅनर लावून एक चांगला फोटो पाठवा."

"साहेब, त्या कापडात आपलं काहीच नाही."

"रोपं आपली आहेत ना?"

मी फोटो पाठवला नाही. त्यांनी स्टेटसवरचाच वापरला.

ह्यांच्या बाजूनेही पंचनाम्याची माणसं येऊन गेली. बागा मोजल्या, नर्सरीसाठी त्यांच्या कागदात रकाना नव्हता. ह्यांनी मग नवीन प्रकरण तयार केलं आणि कधी नव्हे ते त्याच्या मागे लागले. रोज ऑफिसात विचारायचे, घरी येऊन चिडचिड करायचे. आधी "प्रकरण पुढे गेलंय" म्हणताना त्यांचा चेहरा शांत असायचा, आता तो शब्दच ते टाळायचे. पावसाळा संपला, थंडी पडली, आणि जाळी आली. हे सांगायलाच हवं. उशीर झाला, पण आली, आणि ती अजून तिथे आहे.

आमचं फाउंडेशन मात्र तोवर दापोऱ्यात राहिलं नव्हतं. दिवाळीनंतर साहेबांनी बैठकीत सांगितलं की बुऱ्हाणपूरचं काम यशस्वीपणे पूर्ण झालं, आता दुसरा जिल्हा. मला नव्या जागी यायचं का ते विचारलं. समारोपाचा कार्यक्रम पंचायत भवनासमोर ठेवला होता. सगळ्या मुलामुलींना स्मृतिचिन्हं. तिचं नाव पुकारलं गेलं, ती नव्हती. पुन्हा पुकारलं. मला लाजल्यासारखं झालं, रागही आला. कार्यक्रम संपल्यावर मी तरातरा नर्सरीत गेले.

ती पावसाळ्यातल्या विक्रीच्या पैशातून आणलेली नवी रोपं ट्रॅक्टरमध्ये चढवून देत होती. दोन शेतकरी उभे होते.

"आली का नाहीस? तुझं नाव दोनदा घेतलं."

"गिऱ्हाईक आलं होतं ताई. रोपं आज नाही दिली तर ते जळगावकडून आणतील." तिने हात पुसले. "रागावल्या का?"

"नाही. आम्ही चाललो, म्हणून वाटलं..."

"तुम्ही जाणार ते मला माहीत होतं. सरांची पण बदली होईल कधी ना कधी. तुम्ही सगळे येता-जाता. मी कुठे जाऊ? म्हणून जेव्हा जे मिळतं ते शिकून घेते." मग तिने ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि मला विचारलं, "चहा घ्याल? आई करतेय."

मी चहा घेतला. तिच्या आईने मुद्दाम साखर जास्त घातली होती. कोणी कोणाचे आभार मानले नाहीत आणि मला ते बरं वाटलं.

घरी महिनाभर एकच विषय. मी म्हणायचे, सोडते ही नोकरी. ज्यांना दोन वर्षांत काम पूर्ण झालं असं वाटतं त्यांच्याबरोबर कशाला राहायचं? हे म्हणायचे, सोडून काय करशील? एकदा मी म्हटलं, तुमच्या खात्यात कंत्राटावर घेतात का बघा. ते हसले. "माझ्या खात्यात यायचंय तुला? जी रोपं तू आठवड्यात आणलीस, त्यांना आमच्याकडे हिवाळा गेला असता."

"आणि जाळी माझ्याकडून कधीच आली नसती," मी म्हटलं.

आम्ही दोघं एकमेकांचीच बाजू मांडत होतो हे मला बोलून झाल्यावर कळलं.

शेवटी मी बदली घेतली. आता सोमवारी पहाटेच्या बसने जाते, शुक्रवारी परत येते. दुसऱ्या जिल्ह्यातलं गाव आहे, तिथे कापूस आणि मिरची, बोली निमाडी. खोली भाड्याने घेतलीय, पण सामान अजून पिशवीतच असतं. बुऱ्हाणपुरात असले की तिथलं काम दिसतं आणि तिथे असले की घर. झोप पूर्वीसारखी लागत नाही.

तिथल्या पहिल्या बैठकीत मी माहिती सांगत होते, तेव्हा मागे बसलेल्या एका तरुणाने हात वर केला. "मैडम, आप लोग कितने साल रहोगे?"

साहेबांनी अशा प्रश्नांसाठी एक वाक्य शिकवलेलं आहे, की आम्ही नेहमी तुमच्यासोबत आहोत. ते माझ्या ओठांवर आलं होतं.

"दो साल," मी म्हटलं. "उससे ज़्यादा नहीं."

थोडी कुजबूज झाली. तीन-चार जण उठून गेले. बाकीचे बसून राहिले, आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "तो फिर कल से ही चालू करो ना."

तिला मिरचीची रोपं करायची आहेत. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन तिथल्या सरकारी ऑफिसात गेले, तिचा अर्ज भरून दिला आणि तिथल्या अधिकाऱ्यांशी तिची ओळख करून दिली. साहेबांना हे मी अजून सांगितलेलं नाही. कळेलच त्यांना कधीतरी. ह्यांना मात्र त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "अर्जावर सही-शिक्का घेतलास ना? पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही तिथून."

मी घेतला नव्हता. सकाळी पुन्हा जावं लागणार होतं.